कोसबाडची टेकडी आणि टिकणारे मास्तर

मंडळी, युनेस्कोचा एक हिशेब आहे. २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागणार आहेत म्हणे. एवढा मोठा आकडा आपल्या डोक्यात काही मावत नाही. मला तो वाचून आठवली ती आमच्या बोईसरच्या उत्तरेची कोसबाडची टेकडी.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या या बाई. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? मग शिंपले, खडे, बिया घेऊन शिकवायचं. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी 'कुरणशाळा'! पुढे काम कोसबाडला हललं.

पण शिकवायला कोण, हा प्रश्न उरतोच ना? पुण्याला हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ इथे आल्या आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत इथल्याच होऊन राहिल्या. सत्तेचाळीस वर्षं! अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत, हे त्या दोघींना पुरतं कळलं असावं. म्हणून त्यांनी बालसेविकांचं प्रशिक्षण तिथेच सुरू केलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, पण कौतुक मात्र अंगणवाडीचंच होतं. असो.

आता तारापूर बघा. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झालं, कर्मचाऱ्यांची वसाहत झाली, वसाहतीत शाळा आली. घर, दवाखाना, शाळा हाकेच्या अंतरावर असली की बाहेरचा माणूसही रमतो. मोखाड्याच्या पाड्यावर यातलं काय आहे?

तिथे सरकारने काय केलं? २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षं प्राथमिकला महिना ३,००० रुपये मानधन, जे २०२३ मध्ये कुठे १६,००० झालं. लांबच्या जिल्ह्यातून आलेला तरुण एवढ्यावर भाडं भरणार की घरी पाठवणार? तो पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघतो, आणि मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आल्यावर शहरात राहून ये-जा करणं सोपं झालं, पण स्टेशनपासून पाडा दूरच राहिला.

स्थानिकांना घ्यायचा विचारही झाला. अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांची पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची, असं राज्यपालांच्या अधिसूचनेत आलं. कोसबाडचा विचार कागदावर उतरला म्हणायचा! पण आंध्रातल्या अशाच शंभर टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अवैध ठरवलं, आणि इथलीही भरती कोर्टकचेरीत अडकली. मधल्या काळात त्याच उमेदवारांना मानधनावर नेमायची वेळ आली. म्हणजे गावातलाच, भाषा येणारा, राहायला तयार असलेला मास्तर मिळाला, तर त्याचीच नोकरी कच्ची.