डोळ्याची साक्ष

आजच्या विषयाची सुरुवात आमच्याच एका चुकीने करतो. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही संध्याकाळच्या वर्गांना तर्कशास्त्र शिकवत असू. एक विद्यार्थी दिवेलागणीनंतर यायचा तो बाकांना अडखळत, कुणाच्या ना कुणाच्या पायावर पाय देत. दिवसा मात्र हाच मुलगा वर्तमानपत्रातला बारीक टाईप सहज वाचायचा. "सर, अंधारात दिसत नाही मला," असं तो म्हणे. आम्ही त्याला भर वर्गात म्हटलं, सबबी पुरे. त्या मुलाकडे शेवटी परत येऊच.

दुसऱ्याला काय दिसतं हे आपल्याला कसं कळतं? त्याचं प्रत्यक्ष हे आपलं प्रत्यक्ष कधीच नसतं. न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचं तर आपल्याकडे दोनच वाटा उरतात: शब्द आणि अनुमान. आणि शब्द प्रमाण ठरायचा तर बोलणारा आप्त हवा, म्हणजे विश्वासार्ह हवा. नेत्रवैद्यक दीर्घकाळ शब्दावरच चाललं. स्नेलन यांचा 1862 चा अक्षरांचा तक्ता घ्या. रुग्ण सांगतो, डॉक्टर मानतात. पण तान्हं मूल काय सांगणार? आणि ज्याच्यावर आपला विश्वासच नाही, त्याचं काय?

या प्रश्नाचं एक उत्तर विजेतून आलं. 1849 साली बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमों यांना माशाच्या डोळ्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंत विद्युतदाबाचा फरक आढळला. 1865 मध्ये स्वीडनमधल्या उपसाला इथे फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी बेडकाच्या डोळ्यावर उजेड पाडला, तर प्रवाह हलला. उजेड बंद केला, तेव्हाही हलला. पुढे जेम्स ड्युअर, थर्मासच्या शोधामुळे ज्यांचं नाव आपण ऐकतो तेच, माणसाच्या डोळ्याकडे वळले. 1877 च्या त्यांच्या वर्णनात माणसाला आडवं निजवून डोळ्याभोवती मातीची किंवा मेणाची पाळ केलेली आहे. आपण झाडाला आळं करतो ना, अगदी तसं. त्यात मिठाचं पाणी भरायचं आणि विजेची तार बुडवायची. अशा आळ्यातून रोजचा दवाखाना कसा चालणार?

म्हणून हे ज्ञान बरीच वर्षं प्रयोगशाळेतच राहिलं. 1933 मध्ये राग्नार ग्रानिट यांनी मांजरांना ईथर देऊन दाखवलं, की डोळ्याच्या पडद्यातून उठणारी लाट एकसंध नसते. गुंगी वाढत जाते तसे तिचे घटक एकेक करून मावळतात. 1967 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचाही वाटा होता. 1941 मध्ये लॉरिन रिग्ज यांनी कॉन्टॅक्ट लेन्समध्येच विद्युतअग्र बसवलं आणि आळ्याची गरज संपली. 1945 मध्ये स्टॉकहोमच्या यस्टा कार्पे यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्यामुळे इलेक्ट्रोरेटिनोग्राम, म्हणजे ईआरजी, दवाखान्यात रुजला. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आजारात मधली नजर शाबूत असतानाही ही लाट जवळजवळ विझलेली असते. कारण असं, की ही तपासणी सबंध पडद्याचा एकत्रित प्रतिसाद मोजते. वाचायला लागतो तो पडद्याचा मधला चिमुकला भाग.

पण पडदा ठीक आणि बिघाड मागच्या नसेत, म्हणजे ऑप्टिक नर्व्हमध्ये असेल तर? तिथे या ईआरजीला सहसा काही कळत नाही. मग निरोप मेंदूत पोचला का, हेच पाहावं लागतं. अडचण अशी, की मेंदूच्या अखंड विद्युत कोलाहलात हा निरोप फारच क्षीण असतो. जत्रेत कुणी कुजबुजावं तसा. लंडनचे जॉर्ज डॉसन हातांच्या नसांवर काम करत होते. त्यांनी 1947 मध्ये एक युक्ती काढली: तोच संकेत पुन्हा पुन्हा द्यायचा आणि नोंदी एकावर एक ठेवायच्या. पुढे त्यांनी बेरीज करणारं यंत्रच बनवलं. कोलाहल दर वेळी वेगळा, म्हणून तो विरतो. कुजबुज दर वेळी तीच, म्हणून ती उठून दिसते.

याच पायावर 1972 मध्ये लंडनच्याच हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन यांनी नसेला सूज आलेल्या रुग्णांसमोर बुद्धिबळाच्या पटासारखा पट ठेवला. त्यात काळे-पांढरे चौकोन अदलाबदल करत राहतात. निरोगी माणसात मुख्य लाट सुमारे 100 मिलिसेकंदांनी येते. या रुग्णांत ती उशिरा आली. महत्त्वाचं हे, की नजर सुधारल्यावरही तो उशीर बहुधा तसाच राहिला. रुग्ण म्हणतो, आता छान दिसतं. तो खरंच बोलतो. पण तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण झिजलेलं असतं, आणि निरोप पोचतो तरी रखडत पोचतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानाला याची मोठी मदत झाली. पुढे एमआरआय आलं, तरी व्हीईपी नावाची ही तपासणी आजही होते.

मग काय, यंत्रामुळे शब्दाची गरज संपली? नाही. रेघेवरून बिघाड ओळखणं हे धुरावरून अग्नी ओळखण्यासारखंच अनुमान आहे. रुग्णाने मुद्दाम नजर भलतीकडे ठेवली तर पटाची लाट बिघडते. उलट निरोप मेंदूपर्यंत पोचला, एवढ्यावरून माणसाला दिसलं असं सिद्ध होत नाही. निरोप पोचला की नाही ते यंत्र सांगतं. दिसलं की नाही, ते माणूसच सांगतो.

आता तो विद्यार्थी. वर्षभराने त्याची ईआरजी तपासणी झाली. रेघ जवळजवळ सपाट होती. तो कागद घेऊन तो आमच्याकडे आला आणि आम्ही त्याची क्षमा मागितली. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "सर, मी तेच सांगत होतो. कागदावर आल्यावर तुम्हाला पटलं."

शब्दप्रमाण आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. आप्त कोणाला म्हणायचं, हे मात्र आम्ही त्या दिवशी शिकलो. इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.