बंदरावरचा साक्षीदार

मुष्टियुद्ध हा खेळ आपल्या खेड्यापाड्यांत फारसा रुजला नाही. आपला जीव कुस्तीवर. पण 'नुरा कुस्ती' म्हणजे काय, हे फडाभोवती बसणाऱ्या लहान पोरालाही कळते. दोघांनी आधीच ठरवून लढायचे, एकाने पाठ टेकायची, आणि पैजेचे पैसे तिसऱ्यानेच न्यायचे. बघणारे फसतात, हे तर खरेच. पण ज्याला पाठ टेकावी लागते, त्याचे पुढे काय होते? आज ज्या बोलपटाची हकीकत सांगणार आहे, त्याचा नायक असाच एक माणूस आहे. बोलपटाचे नाव 'ऑन द वॉटरफ्रंट', म्हणजे 'बंदराच्या धक्क्यावर'. तो १९५४ साली अमेरिकेत पडद्यावर आला.

टेरी मलॉय हा एके काळचा होतकरू मुष्टियोद्धा. बंदरावर दहशत बसवणाऱ्या एका टोळीने त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर पैसे लावले आणि टेरीला हरायला सांगितले. सांगणारा कोण, तर त्याचा सख्खा थोरला भाऊ चार्ली! टेरी हरला. तेव्हापासून तो बंदरावर हलकीसलकी कामे करतो आणि घराच्या गच्चीवर कबुतरे पाळतो. एके दिवशी टोळीच्या सांगण्यावरून तो आपल्या ओळखीच्या एका तरुणाला गच्चीवर बोलावतो, आणि त्या तरुणाचा खून होतो. आपण कशात हातभार लावला, हे टेरीला नंतर उमगते. त्या तरुणाची बहीण आणि बंदरावरचा एक पाद्री यांच्यामुळे त्याचे मन जागे होऊ लागते. चौकशी आयोगापुढे खरे सांगायचे, की तोंड मिटून बसायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे.

आता ही नुसती कल्पनेची कथा नव्हे, बरे का. त्या काळी न्यूयॉर्कच्या बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचे काम रोजंदारीवर चाले. सकाळी शेकडो माणसे मुकादमाभोवती अर्धवर्तुळ करून उभी राहत. मुकादम बोट दाखवील त्याला काम. बाकीच्यांनी घरची वाट धरायची. बैलबाजारात जनावर पारखावे, तशी माणसांची पारख! पण दंडात बळ असून भागत नसे. मजुरीतला वाटा मुकादमाला देण्याची तयारी लागे. कित्येकदा असा राजी माणूस कानावर दात कोरण्याची काडी खोचून येई, म्हणजे मुकादमाने ओळखावे. कामगारांना टोळीच्याच सावकाराकडून जबर व्याजाने कर्ज घ्यावे लागे. आपल्याकडे उचल घेऊन मुकादमाच्या हाती सापडलेल्या ऊसतोडणी मजुराला हे काही फोड करून सांगायला नको.

'न्यूयॉर्क सन' या दैनिकाचे बातमीदार माल्कम जॉन्सन यांनी १९४८ साली या प्रकारावर चोवीस लेखांची मालिका लिहिली. १९४९ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. जॉन कॉरिडन नावाचे जेझुइट धर्मगुरू कामगारांच्या बाजूने उभे राहिले. बोलपटातला पाद्री त्यांच्यावरूनच घेतला आहे. १९५३ साली न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांनी मिळून बंदरासाठी आयोग नेमला आणि ती सकाळची माणसांची निवड कायद्याने बंद केली. त्याच हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत, न्यू जर्सीतील होबोकन येथे या बोलपटाचे चित्रण चालले होते. टोळीतले गुंड म्हणून पडद्यावर दिसतात त्यांपैकी तिघे, टोनी गॅलेंटो, टॅमी मॉरिएलो आणि एब सायमन, हे खरोखरीचे मुष्टियोद्धे. तिघेही जगज्जेत्या जो लुईशी लढलेले. आणि नुरा लढतीही खऱ्याच होत. जेक लामोटा या नामांकित मुष्टियोद्ध्याने १९४७ सालची एक लढत आपण मुद्दाम हरलो, अशी कबुली १९६० साली अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे दिली.

या बोलपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग एका टॅक्सीच्या मागच्या बैठकीवर घडतो. टेरीने गप्प राहावे म्हणून चार्ली त्याच्यावर पिस्तूल रोखतो. टेरी चिडत नाही. तो पिस्तूल हळूच बाजूला सारतो आणि भावाला एवढेच विचारतो, की माझी काळजी तू घ्यायची होतीस ना? टेरीची भूमिका मार्लन ब्रँडोने केली आणि चार्लीची रॉड स्टायगरने. बोलपटाला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली, त्यांत ब्रँडोचेही एक होते. हिंदीत १९९८ साली आलेल्या 'गुलाम' या मुंबईतील मुष्टियोद्ध्याच्या चित्रपटावरही याची छाया आहे.

पण खरा पेच पुढेच आहे. दिग्दर्शक एलिया कझान यांनी १९५२ साली अमेरिकन संसदेच्या एका समितीपुढे आपल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावे 'कम्युनिस्ट' म्हणून सांगितली. पटकथाकार बड शुलबर्ग यांनीही १९५१ साली तेच केले होते. अशी नावे पुढे आली की चित्रसृष्टीत माणसाला काम मिळणे मुश्किल होई. म्हणून पुष्कळांनी म्हटले, की टेरीच्या साक्षीआडून हे दोघे स्वतःचेच समर्थन करीत आहेत. १९९९ साली वृद्ध कझान यांना सन्मानाचे ऑस्कर दिले गेले, तेव्हाही सभागृहातले काही जण हात बांधून बसून राहिले. सत्तेचाळीस वर्षांनीही ती जखम भरली नव्हती.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्या वर्गात रोज येतो. फळा कोणी फोडला, असे आपण विचारतो आणि चाळीस मुले खाली मान घालून बसतात. एखादा उठून सांगतो, तर त्याला 'चहाडखोर' हे नाव पडते. टेरीचेही तेच झाले. तो साक्ष देऊन घरी आला, तेव्हा ज्या पोराचा तो आदर्श होता, त्याच पोराने त्याची सगळी कबुतरे मारून टाकलेली होती.

मग साक्ष कोणती आणि चहाडी कोणती? माझ्या मते, कोणाविरुद्ध बोललो आणि त्यात आपले काय गेले, हे पाहावे. टेरी बलवानाविरुद्ध बोलला आणि मार खायला उभा राहिला. कझान बलवानांपुढे बोलले आणि त्यांचे काम चालू राहिले. चटका दुसऱ्यांना बसला. बोलपट उत्तम आहे म्हणून हा भेद पुसला जात नाही, आणि हा भेद आहे म्हणून बोलपट खोटा ठरत नाही.

आपल्या मुंबईच्या गोदीतही टोळीवाल्यांमार्फत रोजंदारीची भरती चाले. १९४८ साली आपल्या देशात गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला. त्यामुळे नोंदणी झालेल्या कामगाराला पाळीने काम मिळण्याची सोय झाली. पाळी ठरलेली असली, की मुकादमाच्या बोटाकडे बघत उभे राहावे लागत नाही. आणि खरे बोलायला माणसाला थोडे बळ येते. वर्गातल्या मुलालाही ते बळ आपणच द्यायचे आहे.