पार्माची माकडे आणि आरसा-पेशी

बाळाला वरणभात भरवणाऱ्या आईकडे कधी नीट पाहिले आहे का? चमचा बाळाच्या ओठांपाशी जातो आणि आई स्वतःच ‘आ’ करते. घास तिला खायचा नसतो, तरी तोंड तिचेही उघडते. दुसऱ्याची कृती पाहताना आपल्या अंगातही काहीतरी हलते, हा अनुभव सर्वांचाच. मेंदूत ते कुठे हलते याचा पहिला धागा मात्र इटलीतल्या पार्मा शहरात, आणि तोही अवचित, हाती आला.

पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाती आणि त्यांचे सहकारी मकाक माकडांच्या मेंदूचा अभ्यास करत होते. (आपल्याकडची लाल तोंडाची माकडे याच गोतातली.) त्यांचा प्रश्न वेगळाच होता. वस्तू पकडताना मेंदू हाताच्या हालचालीची आखणी कशी करतो? त्यासाठी ते मेंदूच्या पुढच्या भागातल्या ‘एफ-५’ नावाच्या पट्ट्यात अतिशय बारीक तार एकेका चेतापेशीपाशी नेत. पेशी उद्दीपित झाली की विजेचे सूक्ष्म स्पंद उमटतात. ते वाढवून ध्वनिवर्धकाला जोडले की तडतड ऐकू येते. माकडाने खाऊ उचलला की तडतड. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे होते.

मग लक्षात आले की, प्रयोग करणाऱ्याने स्वतः खाऊ उचलला तरी काही पेशी तडतडतात. माकड तर स्वस्थ बसलेले! हालचालीच्या आखणीसाठी असलेली पेशी नुसते पाहून का जागी व्हावी? (गोष्ट रंगवून सांगणारे इथे आइस्क्रीमचा कोन चाटत आत आलेला एक विद्यार्थी आणतात. मूळ शोधनिबंधात आइस्क्रीम नाही.)

हे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी एका नामांकित विज्ञानपत्रिकेने ‘सर्वसाधारण वाचकाला यात रस वाटणार नाही’ म्हणून लेख परत पाठवला होता, असे रिझोलातींनी पुढे सांगितले. १९९६ सालच्या सविस्तर लेखात दोन माकडांतल्या ५३२ पेशींची नोंद आहे. त्यांपैकी ९२ पेशी अशा, म्हणजे साधारण सहांत एक. त्यांना ‘मिरर न्यूरॉन’ हे नाव मिळाले. आपण आरसा-पेशी म्हणू.

पुढचे प्रयोग अधिक चतुर होते. २००१ साली संशोधकांनी माकडासमोर पडदा धरला. पडद्यामागे वस्तू आहे हे माकडाला आधी दाखवले होते, पण हात ती पकडतो तो क्षण झाकलेला. तपासलेल्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक तरीही बोलल्या. वस्तू नाही हे माहीत असताना हात पडद्यामागे गेला, तेव्हा त्या गप्प राहिल्या. २००२ साली शेंग फोडल्याच्या नुसत्या आवाजाने जाग्या होणाऱ्या पेशीही सापडल्या. म्हणजे डोळ्यांना काय दिसले एवढ्यापुरता हा आरसा नव्हता. ‘काय चालले आहे’ याच्याशी त्याचा काही संबंध होता.

माणसाचे काय? निरोगी माणसाच्या मेंदूत तार कोण घालू देईल? म्हणून वाट वाकडी घ्यावी लागली. १९९५ साली पार्मातल्याच गटाने माणसाच्या डोक्यावर बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजला. दुसरा माणूस वस्तू पकडताना पाहिला की पाहणाऱ्याचे तेच स्नायू जास्त सज्ज होत. प्रत्यक्ष पेशींच्या नोंदी २०१० साली आल्या. अपस्माराच्या २१ रुग्णांच्या मेंदूत झटक्यांचे मूळ शोधण्यासाठी तारा बसवल्याच होत्या. त्यांतून १,१७७ पेशी तपासता आल्या. काही पेशी कृती करताना आणि पाहताना दोन्ही वेळा जाग्या होत. गंमत म्हणजे काही करताना जाग्या होत आणि पाहताना उलट दबत. पाहिलेली प्रत्येक गोष्ट आपण लगेच करून टाकत नाही, त्यात या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा वाटा असावा असा अंदाज आहे.

पण तोवर आरसा-पेशींची कीर्ती प्रयोगांच्या फार पुढे निघून गेली होती. डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केले ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील, असे भाकीत तामिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी २००० साली केले. भाषा, अनुकंपा, कला, संस्कृती, सगळ्यांची किल्ली एकच! २००६ साली त्यांनी लिंडसे ओबरमन यांच्यासह ‘तुटलेले आरसे’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. स्वमग्न मुलांच्या आरसा-पेशी नीट काम करत नसाव्यात, असा त्याचा रोख होता.

या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला भाग मला हाच वाटतो. मथळा आकर्षक होता आणि तो शाळांपर्यंत पोचला. पुढच्या अनेक प्रयोगांत स्वमग्न मुलांना दुसऱ्याच्या कृतीचा हेतू चांगला ओळखता आला, सांगितल्यावर तीच कृती करूनही दाखवता आली. सर्वच आरसे तुटले आहेत, या कल्पनेला पुराव्याचा आधार मिळाला नाही. पण ‘तुमच्या मुलाला दुसऱ्याचे मन कळायचेच नाही’ हे वाक्य ज्या आईबापांनी एकदा ऐकले, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोचवणार कोण?

दुसरी अडचण आपल्या टोपीविक्याच्या गोष्टीत दडलेली आहे. टोपीविक्याने टोपी फेकली, माकडांनीही फेकल्या. गोष्ट छान, पण प्रत्यक्षात मकाक माकडे नकलेत फारच कच्ची असतात. ज्यांच्या मेंदूत आरसा-पेशी सापडल्या, त्यांनाच नक्कल जमत नाही! मग नुसत्या या पेशींनी संस्कृती कशी घडेल?

२००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एका पेटीतून बक्षीस कसे काढायचे ते दाखवले. दाखवणारा मुद्दाम काही निरर्थक कृती मधे घाली. पेटी पारदर्शक केली आणि त्या कृती फुकट आहेत हे उघड दिसू लागले, तेव्हा चिंपांझींनी त्या वगळल्या. मुलांनी मात्र सगळ्या जशाच्या तशा केल्या. प्रथमदर्शनी चिंपांझी हुशार ठरतात. पण चकलीच्या भाजणीत काय कशासाठी पडते हे न कळताही ती शिकायची असते, कारण कळायला पुढे आयुष्य पडलेले असते. आधी इमानाने उचलायचे आणि अर्थ मागाहून लावायचा, ही माणसाच्या पोराची रीत.

मग पाहणे आणि करणे यांची सांगड येते कुठून? लंडनच्या संशोधकांनी बॅले आणि कापोएरा नर्तकांना दोन्ही नृत्ये दाखवली. प्रत्येकाच्या मेंदूतले हालचालींचे भाग स्वतःचे नृत्य पाहताना अधिक उद्दीपित झाले. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. रोज शेजारी पाहूनही, स्वतः केलेल्या हालचालींनाच मेंदूने जास्त साथ दिली. २००७ साली तर ही सांगड उलटीही करता आली. समोरच्याची तर्जनी हलली की आपण करंगळी हलवायची, आणि करंगळी हलली की तर्जनी. एवढ्या सरावानंतर नुसते पाहताना स्नायूंचा प्रतिसाद उलटा झाला. म्हणजे हा आरसा निदान काही अंशी सरावाने घासून तयार होतो. वर्गात फळ्यावर प्रयोगाची आकृती पाहिलेले मूल आणि परीक्षानळी हातात धरलेले मूल यांत काय फरक असेल, याची कल्पना यावरून येते.

आरसा उपजत की कमावलेला, हा वाद अजून मिटलेला नाही. १९७७ साली अँड्र्यू मेल्टझॉफ आणि कीथ मूर यांनी दोन-तीन आठवड्यांची बाळे जीभ बाहेर काढण्याची नक्कल करतात, असे मांडले. २०१६ साली ऑस्ट्रेलियात १०६ बाळांवर झालेल्या अभ्यासात तसा पुरावा मिळाला नाही. मेल्टझॉफ यांनी त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. नक्कल कमावलेली असते असे म्हणणाऱ्या सेसिलिया हेस यांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. बाळ कुणाची नक्कल करते यापेक्षा बाळाची नक्कल कोण करते ते पाहा, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे. बाळ हसले की आई हसते, बाळाने ओठांचा चंबू केला की आजी चंबू करते. बाळाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. आपण केले ते दिसते कसे, हे त्याला समोरच्या चेहऱ्यावर कळते. भरवताना ‘आ’ करणारी आई बाळासमोर असा आरसा रोज अनेक वेळा धरत असते.