तिसऱ्या निरोपाचं कुळ

इंटरनेटवर दोन संगणकांची टीसीपी जोडणी होते ती तीन निरोपांत. पहिला ‘सिन’: बोलायचंय. उलट ‘सिन-ॲक’: ऐकलं, मलाही बोलायचंय. मग पुन्हा पहिल्याकडून ‘ॲक’: ऐकलं. यातले पहिले दोन कुणालाही सुचले असते. कुळ शोधायचं ते तिसऱ्याचं.

1969 साली सुरू झालेल्या अर्पानेट या संगणकांच्या जाळ्याला त्याची गरज नव्हती. माहितीची पाकिटं क्रमाने पोचवण्याची हमी तिथे खुद्द जाळंच घेई. 1974च्या मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगळाच घाट घातला. तारेची, रेडिओची, उपग्रहाची जाळी एकमेकांना जोडायची आणि हमी कुणाकडेच मागायची नाही. पाकीट हरवेल, एकाची दोन होतील, एखादं भरकटून उशिरा उगवेल. निस्तरायचं टोकाच्या संगणकांनी, टीसीपीच्या नियमांनी.

हरवलेलं पुन्हा पाठवता येतं. छळतं ते उशिरा उगवणारं. गेल्या वर्षीच्या लग्नाची पत्रिका यंदा हाती पडावी आणि माणसाने आहेर घेऊन कार्यालय गाठावं, तसा संगणक शिळ्या ‘सिन’ला भुलून जोडणी उघडून बसणार.

उतारा काढला रे टॉमलिन्सन यांनी. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ची खूण बसवणारे तेच हे. (नाव झालं ते त्या खुणेमुळे, माझ्या मते मोठं काम हे.) प्रत्येक बाजूने आपला सुरुवातीचा क्रमांक सांगायचा आणि समोरच्याने त्याची पोच द्यायची. हिशेबाने निरोप चार. मधले दोन एकत्र बांधले की तीन. शिळ्या ‘सिन’ला उत्तर आलंच, तर मूळ संगणक ‘हा क्रमांक माझा नाही’ म्हणून ते झिडकारतो. स्टॅनफर्डमध्ये सर्फ यांचे विद्यार्थी कार्ल सनशाइन आणि पवईच्या आयआयटीतून तिथे गेलेले योगेन दलाल यांनी ही युक्ती कसाला लावली. त्या दोघांचा निबंध 1978चा.

सप्टेंबर 1981मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादलेल्या टीसीपीच्या प्रमाण दस्तऐवजात हा सुरुवातीचा क्रमांक घड्याळावर टाकला आहे: दर साधारण 4 मायक्रोसेकंदांनी एकाने वाढणारा, सुमारे साडेचार तासांनी फेरा पुरा करणारा. 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेट टीसीपीवर आलं.

या साऱ्या योजनेत शत्रू होता तो भरकटलेलं पाकीट. लबाड माणूस कुणी धरलाच नव्हता. 1996च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर खोट्या पत्त्यांवरून ‘सिन’चा भडिमार झाला. सर्व्हर प्रत्येकाची नोंद ठेवून तिसऱ्या निरोपाची वाट बघत बसला, नोंदींची जागा भरली आणि खऱ्या गिऱ्हाइकांना दार बंद झालं. त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन यांनी तोड सुचवली: नोंद ठेवायचीच नाही, जोडणीचा तपशील गुप्त किल्लीने आपल्याच सुरुवातीच्या क्रमांकात गुंफायचा. खरा माणूस ‘ॲक’मध्ये तो क्रमांक एकाने वाढवून परत आणतो, सर्व्हर एक वजा करतो, किल्ली लावून पडताळतो आणि मगच त्याच्यासाठी जागा देतो.