जेवणाचा डबा आणि पहिली तबकडी : बिल विदर्सचा १९७१ पर्यंतचा प्रवास



आज आपण एका अल्बमबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव 'जस्ट ॲज आय ॲम'. मे १९७१ मध्ये तो अमेरिकेत आला. त्यातल्या बहुतेक गाण्यांचे बोल लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा माणूस एकच, बिल विदर्स. हा त्याचा पहिला अल्बम. तो बाजारात आला तेव्हा विदर्सचं वय होतं ३२. तुम्ही म्हणाल, ३२ म्हणजे काही म्हातारपण नव्हे. बरोबर आहे. पण सोल संगीताच्या धंद्यात त्या काळी ३२ म्हणजे उशीरच. स्टीव्ही वंडर वयाच्या अकराव्या वर्षी मोटाउन कंपनीत दाखल झाला होता आणि १९७१ मध्ये एकविशीचा होईपर्यंत त्याच्या नावावर दहा वर्षांची कारकीर्द जमा होती. मग विदर्सला एवढा वेळ का लागला? आणि त्या वेळाचं त्याच्या गाण्यात काय झालं? आजचं व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी 'सोल' म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गॉस्पेल नावाचं भक्तिगायन चालतं. टाळ्या, पुकारा, त्याला समूहानं दिलेला प्रतिसाद, असा सगळा मामला. १९५०च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी ती गाण्याची पद्धत उचलली आणि तिच्यात संसारातले विषय भरले. प्रेम, विरह, पैसा, घर. त्यातून सोल आकाराला आलं. आणि लगेचच त्याचे कारखाने उभे राहिले. कारखाना हा शब्द मी उगाच वापरत नाही. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली मोटाउन सुरू करणारा बेरी गॉर्डी स्वतः मोटारींच्या कारखान्यात कामाला होता, आणि त्यानं कंपनी बसवली ती त्याच नमुन्यावर. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. गायकांना चालायला-बोलायला शिकवणारे, नाच बसवणारे, तेही वेगळे. तयार गाणं बाजारात पाठवायचं की नाही हे बैठकीत ठरायचं. या पद्धतीनं अप्रतिम संगीत दिलं, यात वाद नाही. पण तिथे गायक लहान वयात यायचा आणि कंपनी त्याला घडवायची. विदर्स घडला तो या सगळ्याच्या बाहेर.

त्याचा जन्म ४ जुलै १९३८चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्कचा. स्लॅब फोर्क म्हणजे कोळशाच्या खाणीभोवती वसलेली छोटी वस्ती. त्या भागातल्या अशा वस्त्यांमध्ये घर कंपनीचं, दुकानही कंपनीचं. दक्षिणेतल्या शेतीतून सुटलेली अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी या खाणींकडे आली होती. विदर्सचे वडील खाणीत कामाला होते. सहा भावंडांत हा धाकटा. वाढला जवळच्या बेकली गावात. तो १३ वर्षांचा असताना वडील गेले. त्यानंतर त्याला सांभाळण्यात आजीचा मोठा वाटा होता.

आणि त्याला बोलताना अडखळायला व्हायचं. लहान मुलांत तोतऱ्या मुलाचं काय होतं हे सांगायला नको. वयाची अठ्ठाविशी येईपर्यंत हे सुटलं नाही, असं तो पुढे मुलाखतींमध्ये सांगायचा. ही गोष्ट आपल्या विषयाशी जोडलेली आहे. ज्याला तोंडातून शब्द काढायला कष्ट पडतात तो वायफळ बोलत नाही. विदर्सची गाणी ऐका. शब्द मोजके आणि रोजच्या वापरातले, वाक्यं छोटी. मी असा दावा करत नाही की तोतरेपणामुळेच हे झालं. पण बोलण्याची किंमत कळलेल्या माणसाची ही गाणी आहेत, एवढं नक्की म्हणता येतं.

शाळा संपली. त्या भागात तरुण मुलापुढे वाट एकच दिसायची, आणि ती खाणीत उतरायची. विदर्सनं दुसरी वाट धरली. तो नौदलात भरती झाला. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लष्करातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला होता, त्यामुळे कृष्णवर्णीय मुलांना तिथे नुसतं स्वयंपाकघर नाही तर यंत्रांचं कामही शिकता येऊ लागलं होतं. विदर्स विमानांच्या दुरुस्तीचं काम शिकला. नौदलात तो नऊ वर्षं होता. १९६५ मध्ये बाहेर पडला आणि कॅलिफोर्नियातच राहिला. काही काळ घरोघर दूध पोचवलं. मग विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तोपर्यंत त्यानं व्यवसाय म्हणून एकही गाणं गायलेलं नव्हतं.

मग संगीत आलं कुठून? याची एक गोष्ट तो स्वतः सांगायचा. ओकलंडच्या एका क्लबमध्ये लू रॉल्स या नावाजलेल्या गायकाचा कार्यक्रम होता. गायक वेळेवर आला नव्हता. क्लबचा व्यवस्थापक येरझाऱ्या घालत होता आणि वैतागून म्हणत होता की याला आठवड्याचे २,००० डॉलर देतो आणि हा वेळेवर येत नाही! विदर्सला तेव्हा ताशी ३ डॉलर मिळत होते. आठवड्याचे चाळीस तास धरले तर १२० डॉलर. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला, आणि गहाण पडलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार आणली.

ही गोष्ट मला आवडते, कारण ती प्रामाणिक आहे. 'लहानपणापासून संगीताचा ध्यास होता' असलं काही तो म्हणत नाही. कामगार जसा दुसऱ्या कामाचा दर विचारतो, तसा त्यानं गाण्याचा दर विचारला.

१९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. त्याच वर्षी त्याची पहिली छोटी तबकडी निघाली, 'थ्री नाइट्स अँड अ मॉर्निंग'. वाद्यमेळ मॉर्ट गार्सन या संगीतकाराचा होता. तिची कुणी दखल घेतली नाही. हे गाणं लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

यानंतरची तीन वर्षं म्हणजे दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात गाणी. तो विमानातल्या शौचालयांच्या बैठका बनवत होता. नवीन आलेल्या मोठ्या ७४७ विमानांसाठी हे काम चाललं होतं. पगारातून पैसे बाजूला टाकायचे, स्टुडिओ भाड्यानं घ्यायचा, नमुन्यादाखल गाणी ध्वनिमुद्रित करायची आणि कंपन्यांचे उंबरठे झिजवायचे. आता बघा, इथे कारखान्याकडे आपण सहसा अडथळा म्हणून पाहतो. कलावंत बिचारा कारखान्यात अडकला, वगैरे. मला वाटतं उलट आहे. त्याच्या गाण्यांत भांडवल घालणारा पहिला माणूस तो स्वतः होता, आणि ते भांडवल त्या पगारातून आलं. कुणाचं देणं नव्हतं. त्यामुळे गाणी कशी असावीत हे सांगणारंही कुणी नव्हतं.

पण केवळ एवढ्यावर तबकडी निघत नाही. इथे दुसरा माणूस येतो, क्लॅरन्स एव्हंट. हा कृष्णवर्णीय उद्योजक. त्यानं ससेक्स नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी नुकतीच काढली होती. त्यानं विदर्सची गाणी ऐकली आणि १९७० मध्ये करार केला. निर्मितीची जबाबदारी दिली बुकर टी. जोन्सकडे. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीतला हा ऑर्गनवादक, १९६२च्या 'ग्रीन ओनियन्स' या धूनमुळे प्रसिद्ध. तो नुकताच मेम्फिस सोडून कॅलिफोर्नियात आला होता. त्यानं आपले जुने सहकारी बोलावले. ड्रमवर अल जॅक्सन, बेस गिटारवर डोनाल्ड डन. शिवाय गिटारवर स्टीफन स्टिल्स, जो रॉक संगीतातलं तेव्हाचं मोठं नाव होता.

पहिल्या दिवशीचा प्रसंग बुकर टी.नं नंतर सांगितला आहे. विदर्स गाण्यांची वही घेऊन आला. स्टुडिओतली सगळी बडी मंडळी पाहिली, बुकर टी.ला बाजूला घेतलं आणि विचारलं की ही गाणी गाणार कोण? त्याची समजूत होती की गायक दुसराच कुणीतरी येईल. बुकर टी. म्हणाला, तूच गाणार आहेस.

हा नुसता विनय नव्हता. मघाशी सांगितलेली कारखान्याची पद्धत आठवा. लिहिणारा वेगळा, गाणारा वेगळा. त्या व्यवस्थेत विदर्सनं स्वतःची जागा लिहिणाऱ्यात धरली होती. ज्यानं गाणं जगलंय त्यानंच ते गावं, हा विचार सोलमध्ये तेव्हा नुकता मूळ धरत होता. योगायोग बघा, मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बमही मे १९७१चाच. तो काढायला गेला मोटाउनच्या आत राहून गॉर्डीशी झगडावं लागलं. एक जण कारखान्याच्या आतून भांडत बाहेर आला. दुसरा, म्हणजे विदर्स, संगीताच्या त्या कारखान्यात कधी शिरलाच नाही, कारण त्याच्याकडे पोटापाण्याला खराखुरा कारखाना होता.

पैशाची चणचण मात्र होतीच. ध्वनिमुद्रणाच्या चार बैठका ठरल्या होत्या, प्रत्येकी तीन तासांच्या. पैसे अपुरे पडले. काम तीन बैठकांत उरकावं लागलं, आणि दुसरी व तिसरी यांच्यामध्ये सहा महिने गेले. हे सहा महिने विदर्स काय करत होता? आपली पाळी.

'एन्ट नो सनशाइन' या गाण्याबद्दल सांगायलाच हवं. 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' हा १९६२चा चित्रपट पाहून ते सुचलं. दारूत बुडत गेलेल्या एका जोडप्याची ती कथा. गाण्याच्या मध्यावर तो दोनच छोटे शब्द ओळीनं २६ वेळा म्हणतो. तिथे खरं तर आणखी एक कडवं लिहायचं त्याच्या मनात होतं. स्टुडिओतल्या वादकांनी सांगितलं, राहू दे असंच. त्यानं ऐकलं. ही सगळी नावाजलेली माणसं आणि मी कारखान्यातला कामगार, म्हणून ऐकलं, असं त्याचं म्हणणं. आज त्या गाण्यातली सगळ्यांना आठवणारी जागा तीच आहे. आणि 'ग्रँडमाज हँड्स' हे गाणं सरळ आजीचं आहे. आजीच्या हातांवर गाणं लिहायला विशी पुरत नाही. ते हात आता नाहीत हे कळायला काही वर्षं जावी लागतात.

अल्बमच्या मुखपृष्ठावर विदर्स विटांच्या भिंतीला टेकून उभा आहे आणि हातात जेवणाचा डबा आहे. हे छायाचित्र बरबँकमधल्या त्याच्या कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत काढलं. सोबतचे कामगार त्याची थट्टा करत होते.

नोकरी त्यानं तेव्हाही सोडली नव्हती. गाण्याचा धंदा बेभरवशाचा, असं त्याचं मत होतं. काही लोक याला दोन डगरींवर पाय म्हणतील. मी म्हणेन, हातचं सोडून पळत्याच्या पाठी न लागण्याचं हे कामगाराचं शहाणपण होतं. पुढे कारखान्यानं कामगार कमी केले, त्यात त्याचंही काम गेलं. मग एके दिवशी दोन पत्रं एकदम आली, असं तो सांगायचा. एक होतं कामावर परत येण्याचं, दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात गाण्याचं.

आता ते १९६७चं गाणं. त्याचं नवं रूप म्हणजे 'हार्लेम'. कंपनीनं पहिल्या छोट्या तबकडीच्या मुख्य बाजूला 'हार्लेम' घातलं आणि मागच्या बाजूला 'एन्ट नो सनशाइन'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि मागची बाजू वाजवायला लागले. ते गाणं बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि १९७२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. कंपनीनं विदर्सला सोनेरी रंगाची शौचालयाची बैठक भेट दिली. थट्टाच ती, पण तिच्यात इतिहास होता.

आता शेवटचा मुद्दा. 'कष्टातून कला पिकते' असं सांगून मला थांबायचं नाही. ते खरं नाही. स्लॅब फोर्कसारख्या वस्त्यांमधून किती आवाज खाणीतच राहिले याची नोंद कुठेही नाही. विदर्सला तारलं ते कष्टांनी नाही. नियमित पगार, हाताला असलेलं काम, आणि ऐकून घेणारा एक एव्हंट, यांनी तारलं. त्यामुळे त्याला 'नाही' म्हणता आलं. ही सवय त्याला पुढेही उपयोगी पडली. १९७५ मध्ये ससेक्स बंद पडली. नंतरच्या मोठ्या कंपनीत काय गावं हे इतर लोक सांगू लागले, तेव्हा १९८५च्या अल्बमनंतर त्यानं हा धंदाच सोडला. सत्तेचाळिशीत. लोकांना नवल वाटलं. पण गाण्याआधीही जगता येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला गाण्यानंतरही जगता येतं. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा त्याचा परिचय करून दिला स्टीव्ही वंडरनं. अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यानं बत्तिसाव्या वर्षी सुरुवात केलेल्याचा. ३० मार्च २०२० रोजी विदर्स गेला.

एखाद्या नव्या गायकाची पहिली तबकडी आली की आपण विचारतो, याला शोधलं कुणी? त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारत जाऊ या. तोवर याचं घर कशावर चालत होतं? बऱ्याचदा गाण्याचा खरा इतिहास त्या उत्तरात सापडतो.

आता प्रश्न असतील तर घेऊ.