नम्रतेचा पाठ कोणीं द्यावा ?

ख्रिस्ती समाजांत लहान मुलांस नम्रता आणि सेवा हे गुण कसे शिकवीत आले, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे. मी कोणी पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म शाळेंत घालविलेला एक साधा शिक्षक आहें. तेव्हां या विषयाकडे मी धर्मोपदेशकाच्या नव्हे, शिक्षकाच्या दृष्टीनें पाहणार आहें. आणि त्यास कारणहि माझ्या हातून वर्गांत घडलेली एक चूक आहे. ती प्रथम सांगतों.

धडा न करितां येणाऱ्या मुलास दुसरे दिवशीं वर्ग झाडावयास लावण्याची माझी रीत होती. छडीपेक्षां ही शिक्षा बरी, शिवाय मुलाच्या अंगीं थोडी नम्रताहि येते, असें मला वाटे. एकदां ही पाळी एका ख्रिस्ती मुलावर आली. त्याची आई एका इस्पितळांत झाडलोटीचें काम करी. मुलानें वर्ग झाडला, केरसुणी जागच्या जागीं ठेविली आणि शांतपणें मला विचारलें, "गुरुजी, माझी आई हें रोजच करते. तिनें कोणता धडा चुकविला ?"

मला उत्तर सुचलें नाहीं. नम्रता शिकवितों असें म्हणत मीं त्या मुलांना इतकेंच शिकविलें होतें कीं, सेवा ही शिक्षा आहे, आणि जे ती रोज करितात ते जन्माचे अपराधी आहेत. त्या रात्रीं, तो मुलगा ज्या धर्मांत वाढत होता त्या धर्मानें हा पाठ कसा दिला आहे, तें पाहावें म्हणून मीं पुस्तकें काढलीं. तेव्हांपासून जें वाचीत आलों, त्याचा सारांश आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मूळ कथा योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत आहे. ख्रिस्ताच्या आयुष्यांतील शेवटचें भोजन चाललें होतें. आपणांमध्यें मोठा कोण, असा वाद त्याच रात्रीं शिष्यांत झाल्याचें लूक सांगतो. त्या काळीं लोक उघड्या पायतणांनीं धुळींतून चालत, आणि घरीं आलेल्याचे पाय धुणें हें दासाचें काम समजलें जाई. गुरु भोजनावरून उठला, त्यानें अंगावरील वस्त्र काढून ठेविलें, कमरेस रुमाल बांधला, घंगाळांत पाणी ओतलें आणि एकेका शिष्याचे पाय धुण्यास आरंभ केला. पेत्रास तें सोसवेना. त्यानें पाय मागें घेतले. आपल्याकडे शिष्यानें गुरूचे चरण धुवावे ही रीत. तरी श्रीकृष्णानें सुदाम्याचे पाय धुतल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. म्हणून हा उलटा क्रम आपल्या मनास अगदींच परका नाहीं.

या कथेंतील एक वाक्य मात्र वाचणाराच्या नजरेंतून सहज निसटतें. आपण देवापासून आलों आणि देवाकडे जाणार, हें पक्कें जाणून ख्रिस्त उठला, असें योहान म्हणतो. म्हणजे जो वांकला त्याला आपल्या योग्यतेविषयीं तिळमात्र शंका नव्हती. त्याला कोणीं वांकविलें नाहीं. तो आपण होऊन वांकला. नम्रता आणि लाचारी यांमधील सारा भेद एवढ्यांत आला.

पुढें हा पाठ नित्याच्या जीवनांत कसा उतरावयाचा, हा प्रश्न आला. इसवी सनाच्या सहाव्या शतकांत इटलींत मॉन्ते कासिनो येथील मठाधिपति बेनेडिक्ट यानें मठवासीयांसाठीं नियम लिहिले. त्यांत मुदपाकखान्यासंबंधीं एक प्रकरण आहे. स्वयंपाकघरांतील सेवा आठवड्याच्या पाळीनें सर्वांनीं करावी; शनिवारीं पाळी संपणाऱ्यानें सर्वांची हातपाय पुसण्याचीं वस्त्रें धुवावीं; मग संपणारा व नवा अशा दोघांनीं मिळून सर्वांचे पाय धुवावे; आणि भांडीं स्वच्छ करून भांडाऱ्याच्या स्वाधीन करावीं. अशक्तांस मदतनीस द्यावा, म्हणजे सेवा करतांना त्यांचें मन खिन्न होणार नाहीं, हीहि सूचना तेथें आहे. त्या काळीं आईबाप लहान मुलांस मठास अर्पण करीत, व त्यासाठींहि नियम होते. अशा मुलांनीं नम्रतेवरील प्रवचनें ऐकलीं असतील तीं असोत. पण कालचा वाचक आज भांडीं घासतो आणि आजचा भांडीं घासणारा उद्यां ग्रंथ वाचतो, हें तीं डोळ्यांनीं पाहत होतीं. माझ्या मतें खरी शाळा तीच.

उलट, हीच गोष्ट दरबारांत गेली तेव्हां तिचें काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारीं गरिबांचे पाय धुवून त्यांस दान देण्याची चाल इंग्लंडच्या राजांनीं उचलली. १२१३ सालीं जॉन राजानें रॉचेस्टर येथें तेरा गरिबांस प्रत्येकीं तेरा पेन्स दिल्याची नोंद आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत या विधीचा थाट असा होता कीं, प्रथम धोबीखान्यांतील सेवक ते पाय धुई, मग दानाधिकाऱ्याचा दुय्यम धुई, मग खुद्द दानाधिकारी धुई. आणि अशा तीन वेळां निर्मळ झालेल्या पायांस राणी पाणी लावी. अठराव्या शतकांत पाय धुणें बंद पडलें. खास नाणीं वांटण्याचा विधि आजहि होतो, आणि दानाधिकारी कमरेस तागाचा रुमाल बांधून उभा असतो. पण त्या रुमालानें कोणाचेहि पाय पुसले जात नाहींत. मुलांस शिकवितांना आपलेंहि असेंच होतें. धडा राहतो, गाणें राहतें, बक्षीस-समारंभ राहतो. पाणी तेवढें आटतें.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. येथें या पाठास एक वेगळीच धार आली, ती जातिभेदामुळें. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें. त्या जिल्ह्यांतील खेड्यांतून जीं कुटुंबें ख्रिस्ती झालीं, तीं बहुतांशीं महार व मांग समाजांतील होतीं. पिढ्यान्‌पिढ्या वेठ करावी, मेलेलीं गुरें ओढावीं, दुरून जोहार घालावा, असा ज्यांच्या घराण्याचा क्रम, त्यांच्या मुलास शब्बाथ शाळेंत नम्र हो म्हणून सांगणें म्हणजे काय ? वांकणें तर त्याला उपजत शिकविलेलें होतें. त्याला आधीं ताठ उभें राहण्यास शिकविणें अवश्य होतें. पाटी-पेन्सिल, बसण्यास इतरांबरोबर एकच सतरंजी, आणि नांवानें मारलेली आदराची हांक, हाच त्याच्या नम्रतेच्या शिक्षणाचा पहिला धडा.

दुसरीकडे वरच्या म्हटलेल्या जातींतून आलेलीं थोडीं घरें होतीं. त्यांना हाच धडा उलट्या बाजूनें शिकावा लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा १९०० सालचा. मधलीं पांच वर्षें त्या माउलीच्या मनांत काय उलथापालथ झाली, सोंवळें एकेक पायरीनें कसें सुटलें, हें त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत स्वतःस हंसत हंसत सांगितलें आहे. नम्रता म्हणजे त्यांच्या घरीं भजनांतला शब्द नव्हता. ती पाण्याच्या घागरीपाशीं येऊन उभी राहिली होती.

हे दोन्ही धडे एका छपराखालीं कोठें आले असतील, तर ते पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्ति मिशनांत. रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें उच्चवर्णीय विधवा मुलींस आपले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत बाईंनीं मध्य प्रांतांतून शेंकडों उपाशी मुली आणल्या. पुढें १९०० च्या सुमारास गुजराथच्या दुष्काळांतूनहि आणल्या. त्या आजारी होत्या, मळक्या होत्या, आणि नाना जातींच्या होत्या. त्यांना न्हाऊं घालणें, त्यांच्या डोक्यांतील उवा काढणें, जखमा धुणें हें काम कोणीं करावें ? तें पुढें शारदा सदनांत शिकून तयार झालेल्या मुलींनींहि उचललें. ज्यांना स्वतःच्या घरांत अपशकुनी म्हणून कोपऱ्यांत बसविलें होतें, त्यांना येथें आधीं विद्या व मान मिळाला होता. म्हणूनच त्यांना वांकतां आलें.

केडगांवीं शेती होती, हातमाग होते, तेलाची घाणी होती, दुभतीं जनावरें होतीं, छापखाना होता. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनीं अंध मुलींस ब्रेल लिपि शिकविण्याची सोय केली, आणि त्या मुलीहि हातांनीं काम करूं लागल्या. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर येथल्याच छापखान्यांत छापलें गेलें; खिळे जुळविणारे हात याच बायका-मुलींचे. रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. दुष्काळांत ज्यांना कोणी दारांत उभें केलें नसतें, त्यांनीं आपल्या हातांनीं धर्मग्रंथ छापावा, यापरतें सेवेचें मोठें शिक्षण मला ठाऊक नाहीं.

अलीकडचें एक उदाहरण देतों. २०१३ सालच्या मार्च महिन्यांत पोप फ्रान्सिस यांनीं पदावर येऊन पंधरवडा झाला होता. त्यांनीं त्या पवित्र गुरुवारचा विधि रोमच्या एका बालगुन्हेगारांच्या तुरुंगांत केला, आणि तेथील बारा मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत मुसलमान धर्माचेहि होते. शिक्षा भोगणाऱ्या मुलांस सेवेचा पाठ द्यावयाचा, तर त्यांच्या हातीं केरसुणी देऊन नव्हे, त्यांची सेवा करून द्यावा, हें त्या वृद्ध माणसानें जाणलें होतें. मला तें जाणावयास एका विद्यार्थ्याचा प्रश्न लागला.

आतां माझ्या वर्गाची गोष्ट पुरी करितों. दुसरे दिवशीं मी घंटेच्या अर्धा तास आधीं शाळेंत गेलों आणि वर्ग स्वतः झाडूं लागलों. सवय नसल्यामुळें धूळ फार उडाली. तो मुलगा दाराशीं येऊन थोडा वेळ पाहत उभा राहिला. मग आंत येऊन म्हणाला, "गुरुजी, आधीं पाणी शिंपडावें लागतें. आई तसें करते." त्यानें पाणी शिंपडलें, मीं झाडलें, त्यानें सुपली धरली. त्या दिवशीं फळ्याच्या कोपऱ्यांत मीं झाडण्याच्या पाळीची यादी लिहिली. शिक्षेचा तिच्याशीं कांहीं संबंध उरला नाहीं, आणि तिच्यांतलें पहिलें नांव माझें होतें. मी सेवानिवृत्त होईपर्यंत ती यादी दरवर्षीं लिहिली गेली.

श्रोतेहो, आपल्या घरींहि मुलें आहेत आणि केरसुणीहि आहे. मुलांस नम्रता शिकवावी असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ती केरसुणी प्रथम कोणाच्या हातीं जाते, एवढें पाहावें.