पापणी पुन्हा घडवताना

मागच्या व्याख्यानात आपण कावसजीचं नाक पाहिलं. टिपूच्या कैदेत कापलं गेलेलं ते नाक पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून नवं घडवलं गेलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ती हकीकत छापली. आज आपण जरा वर, पापणीकडे येऊ.

नाक गेलं तरी दृष्टी राहते. पापणीचं तसं नाही. उघडझाप थांबली की डोळ्यावर अश्रू पसरत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते आणि नजर जाऊ शकते. म्हणजे कर्करोग काढला, पण पापणी दिली नाही, तर काम अर्धंच झालं.

हा कर्करोग बहुधा बेसल सेल कार्सिनोमा असतो. १८२७ मध्ये डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी पापण्या हळूहळू कुरतडणाऱ्या अशा व्रणाचं वर्णन केलं. दोनच वर्षांनी हॅम्बुर्गच्या फ्रिके यांनी कानशिलाजवळची कातडी वळवून पापणी घडवण्याची रीत मांडली.

पण पापणी म्हणजे नुसती कातडी नव्हे. बाहेर कातडी आणि स्नायू, आत ताठ पट्टी आणि तिला चिकटलेलं ओलसर अस्तर. आतून नुसती कातडी आली तर ती डोळ्याला घासते. वेंडेल ह्यूज यांनी १९३७ मध्ये त्यावर तोड काढली: खालची पापणी गेली असेल तर वरच्या पापणीचा आतला थर खाली ओढून शिवायचा आणि बाहेरून कातडी लावायची. थोडक्यात, शेजारणीकडून उसनं घ्यायचं! याची किंमतही होती. तो डोळा काही आठवडे शिवलेलाच राहायचा. ज्याला तेवढा एकच डोळा, त्याने काय करायचं?

आता उरला तिसरा प्रश्न: कापायचं किती? कमी कापलं तर नव्या पापणीखाली रोग लपून वाढतो. जास्त कापलं तर घडवायला काही उरत नाही. अमेरिकेत फ्रेडरिक मोज आधी झिंक क्लोराइडचा लेप लावून एकेक थर काढत आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. १९५३ मध्ये पापणीच्याच एका कर्करोगाचं चित्रीकरण चालू असताना, वेळ वाचवायला त्यांनी लेपाशिवाय ताजा तुकडा गोठवून तपासला. पुढे हीच पद्धत रूढ झाली.

तेव्हा आपण क्रम लक्षात ठेवू: आधी कडा स्वच्छ असल्याची खात्री, मगच नवी पापणी. शिवणाऱ्या हाताला तपासणाऱ्या डोळ्यासाठी थांबावंच लागतं.